१८८५ चा तो तिघींचा फोटो रंगवताना : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून नोंद ठेवायची ठरवलंय, कारण मागच्या वेळी एक जुना फोटो रंगवला आणि सहा महिन्यांनी कोणीतरी विचारलं की ही टोपी हिरवी कशावरून, तर मला काही केल्या आठवेना. यावेळी प्रत्येक रंग का दिला ते लिहून ठेवणार.

काम असं आहे. ३१ मार्चला आनंदीबाई जोशींचा जन्मदिवस. माहेर आमच्या कल्याणचं. इथल्या एका छोट्या वाचनालयाला त्यानिमित्त त्यांचा मोठा फोटो लावायचाय आणि तो रंगीत हवाय, म्हणजे शाळेतली मुलं थांबून बघतील असं त्यांचं म्हणणं. फोटो कुठला घेऊ विचारलं तर सगळ्यांच्या तोंडी एकच, तो तिघींचा. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, तिथल्या डीन रेचेल बॉडली यांच्याकडचा समारंभ. डावीकडे आपली आनंदी, मध्ये जपानची केई ओकामी, उजवीकडे दमास्कसची सबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या वेषात आणि तिघीही आपापल्या देशातल्या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी.

मी नोंदीत तिला ‘ती’च म्हणणार आहे, फोटो काढला तेव्हा २० वर्षांची होती, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान.

९ जानेवारी

सर्वात मोठ्या साइजची फाइल उतरवून घेतली. मूळ प्रिंट फिलाडेल्फियात ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीच्या वैद्यकीय कॉलेजच्या संग्रहात आहे, म्हणजे पोस्टरवर त्यांचं नाव द्यायचं, हे आत्ताच लिहून ठेवते नाहीतर घाईत राहून जाईल.

गिम्पमध्ये, म्हणजे फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून आधी फक्त धूळ आणि ओरखडे काढले, दोन संध्याकाळी गेल्या. मग सगळा तपकिरीपणा काढून निव्वळ करडा केला. तो तपकिरी कपड्यांचा किंवा उजेडाचा नसतो हे लोकांना सांगावं लागतं, त्या काळचे बहुतेक प्रिंट अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर असायचे आणि तो कागद वयाप्रमाणे पिवळा-तपकिरी पडतो. तो रंग ठेवून वर दुसरा रंग चढवला की सगळं चहात बुडवल्यासारखं दिसतं.

फोटोखाली हाताने नावं लिहिलीत. आनंदीच्या नावापुढे गाव कल्याण नाही तर सेरामपूर, तेही चुकीच्या स्पेलिंगने. गोपाळराव पोस्टात होते आणि तिकडे बंगालात बदलीवर होते, तिथूनच ती निघाली, म्हणून. आणि तिघींच्या नावाआधी डॉक्टर लिहिलंय, पण ऑक्टोबर १८८५ मध्ये तिघीतली एकही डॉक्टर झाली नव्हती, आनंदी १८८६ ला, ओकामी १८८९ ला, इस्लामबूली १८९० ला झाली, म्हणजे ही अक्षरं फोटोनंतर बऱ्याच वर्षांनी कोणीतरी कौतुकाने लिहिलेली असणार. तो भाग कापायचा नाही. रंगही द्यायचा नाही, जसा आहे तसा.

११ जानेवारी

आधी मशीनला देऊन बघितलं. डीओल्डिफाय, जुन्या फोटोत आपोआप रंग भरणारं सॉफ्टवेअर, २०१८ मध्ये जेसन अँटिक नावाच्या माणसाने काढलेलं, फुकट आणि त्याचा कोड सगळ्यांना उघडा, म्हणून मला आवडतं. ४० सेकंदात रिझल्ट. लांबून छान दिसतो. जवळ गेल्यावर तिघींचे कपडे निळसर-तपकिरी आणि तिघींची कातडी एकाच पिठाची.

हे असं का होतं ते नीट लिहिते कारण वाचनालयातही समजावून सांगावं लागणार. मशीनला आपण फक्त उजेड-अंधार देतो. लॅब म्हणून रंग मोजायची एक पद्धत आहे, त्यात एल म्हणजे उजेड, ए म्हणजे हिरव्यापासून लालपर्यंत कुठे, बी म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंत कुठे. मशीन आपला एल घेतं आणि ए, बी अंदाजाने भरतं. तो अंदाज लाखो आजकालच्या फोटोंवरून शिकलेला. गवत दिसलं हिरवं, आकाश निळं, तिथे चुकत नाही. पण कापड कुठल्याही रंगाचं असू शकतं, मग मशीन सगळ्या शक्यतांची सरासरी काढतं, आणि रंगांची सरासरी काढली की मळकट तपकिरीच निघतो. ब्रशचं पाणी सारखं त्याच ग्लासात बुचकळल्यावर होतं ना, तसं.

रिझल्ट ठेवून दिलाय, पण पाया म्हणून वापरणार नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आई काळी चंद्रकळा नेसली होती आणि आत्या डाळिंबी रंगाची इरकल. तिळगूळ वाटून झाल्यावर दोघींना खिडकीपाशी उभं केलं आणि मोबाईलवर फोटो काढला, आणि मग शेजारी एका स्टीलच्या ताटात हळद, कुंकू, निळीत रंगवलेल्या कापडाचा तुकडा, आणि पांढरा रुमाल ठेवून अजून एक.

का, तर १८८५ मध्ये कॅमेऱ्यात साधारण वापरात असलेली काचेची प्लेट फक्त निळा-जांभळा उजेड पकडायची. लाल आणि पिवळा तिला जवळजवळ दिसतच नव्हता. बर्लिनच्या हेर्मान फोगेलने १८७३ मध्ये शोधून काढलं होतं की प्लेटच्या मसाल्यात रंगद्रव्य मिसळलं की ती हिरवाही पकडते, पण तशा प्लेटा रोजच्या वापरात यायला वेळ लागला, आणि लालसकट सगळे रंग पकडणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या १९०६ मध्ये. म्हणजे आपल्या फोटोच्या २१ वर्षं नंतर.

तर घरगुती प्रयोग असा, मोबाईलचा फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा म्हणजे चॅनलचा असतो, तो उघडायचा आणि लाल आणि हिरवा चॅनल फेकून फक्त निळा चॅनल बघायचा. खरी प्लेट डोळ्याला न दिसणारा अतिनील उजेडही धरते आणि मोबाईल धरत नाही, त्यामुळे हुबेहूब नाही पण दिशा कळते.

आकडे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, लाल-हिरवा-निळा या क्रमाने):

हळद २२६, १६४, १८
कुंकू १६८, १८, ३०
नीळ ५८, ८४, १४६
चंद्रकळा २४, २२, २६

शेवटचा आकडा बघा फक्त. निळ्या चॅनलमध्ये हळद काळ्या चंद्रकळेपेक्षा काळी आहे!! आणि निळीचं गडद कापड सगळ्यात उजळ. आई आणि आत्या शेजारी शेजारी उभ्या आणि दोघींच्या साड्या सारख्याच काळ्या, इरकलचा लालभडक पदर पण काळा, त्यातले फक्त पांढरे पट्टे दिसतायत. आत्याचं कुंकू शाईच्या ठिपक्यासारखं.

मी स्क्रीन आईला दाखवली तर ती म्हणाली, अगं हे तर आपल्या पणजीच्या फोटोसारखं दिसतंय.

तेव्हा खरं तर मला कळलं की माझ्या कामाचा पायाच मी चुकीचा धरलाय. आजवर मी समजत होते की करडा म्हणजे सत्य आणि रंग म्हणजे माझा अंदाज. पण करड्यालाच त्या प्लेटने आधी झुकवून ठेवलंय.

१९ जानेवारी

पणजीचा फोटो काढला माळ्यावरून. १९३८, मागे पेन्सिलीने सालही आहे, पुण्यातल्या स्टुडिओतला. पणजी खुर्चीवर, मांडीवर माझी आजी वर्षभराची. लुगडं काळंकुट्ट, कुंकू काळं, आणि चेहरा असा की जणू खूप उन्हातून आलीय. ही फिल्म १८८५ च्या प्लेटपेक्षा पुढची, हिरवा दिसतो तिला, पण लालाच्या बाबतीत हीही आंधळीच दिसतेय.

ठरवलं की आनंदीच्या फोटोआधी यावर हात बसवायचा, कारण इथे विचारायला माणूस आहे. आजी ८८ वर्षांची, कान थोडे गेलेत पण रंगाला पक्की.

मशीनने पणजीच्या लुगड्याला नेव्ही ब्लू दिला. आजीला दाखवला तर ती बघतच राहिली, म्हणाली, “ही कोण? माझी आई निळं नेसलेली मी कधी पाहिली नाही.” मग लुगडं कुठलं होतं विचारलं तर म्हणे डाळिंबी, सणाचं एकच होतं, ते झिजेपर्यंत नेसली आणि मग त्याची गोधडी शिवली, ती काय तुझ्या अंगाखाली आहे.

मी खरंच त्या गोधडीवर बसले होते.

२० जानेवारी

गोधडीवर पूर्ण दिवस. वरचा तुकडा धुऊन धुऊन आणि उन्हाने विटकरी पडलाय, तो रंग घेतला असता तर चुकलं असतं. पण जिथे दोन तुकडे जोडलेत तिथे कापड आत दुमडलंय, आजीला विचारून एक इंचभर शिवण उसवली, आतला रंग बघून अंगावर काटा आला, डाळिंबाचा दाणा फोडल्यावर दिसतो तोच. तिथला फोटो दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून घेतला. शिवण आजीने स्वतःच परत घातली, मला हात लावू दिला नाही.

आता अडचण. गिम्पमध्ये कलर मोडचा लेयर, म्हणजे फोटोवर रंगाचा वेगळा थर, टाकला की तो फक्त ए आणि बी बदलतो, एल खालच्या फोटोचाच राहतो. नेहमी हेच बरं असतं, सावल्या, चुण्या सगळं जपलं जातं. पण इथे खाली लुगडं जवळजवळ काळं आहे आणि काळ्यावर कितीही डाळिंबी ओता काही दिसत नाही, नुसतं काळपट मरून. खरा रंग आणायचा तर उजेड उचलावा लागतो, म्हणजे फोटोलाच हात लावावा लागतो.

रात्री झोप आली नाही यावर. फोटोला हात लावायचा नाही हा माझा आजवरचा नियम होता.

२४ जानेवारी

एका जुन्या फोटोग्राफर काकांकडे जाऊन आले, ८० च्या पुढे आहेत, साठच्या दशकात स्टुडिओत हाताने फोटो रंगवायचे. मी त्यांना काळ्या कुंकवाचा प्रश्न सांगितला तर लगेच ओळखीचा प्रश्न भेटल्यासारखे हसले आणि दीड तास बोलत होते.

त्यांच्याकडे फोटो रंगवायच्या रंगांची छोटी पुस्तिका असायची, पानांवर सुकलेला रंग, तुकडा कापून पाण्यात टाकला की रंग सुटायचा. काडीला कापूस गुंडाळून गालावर फिरवायचा. हे रंग पारदर्शक, म्हणजे खालचं दिसतंच राहतं. “काळ्यावर लाल बसत नाही गं बाळा, कधीच नाही,” हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग काय करायचे तुम्ही? तर रंगवायचा फोटो असेल तर प्रिंट मुद्दाम फिका काढायचे, आणि कुंकवाच्या जागी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल घासायचे. निगेटिव्हवर काळं केलं की प्रिंटवर तेवढी जागा फिकी येते, मग त्यात लाल भरायचा. गालावरच्या सुरकुत्या पण तशाच घालवायचे.

म्हणजे जो प्रश्न मला चार रात्री झोपू देत नव्हता तो या लोकांनी पेन्सिलीने सोडवून ठेवला होता. मी विचारलं, काका पण हे म्हणजे फोटो बदलणं नाही का? ते म्हणाले, बाईचं कुंकू काळं दाखवणं हेच बदलणं होतं, आम्ही फक्त जागेवर आणायचो. सुरकुत्यांचं मात्र गप्प बसले जरा, मग म्हणाले ते गिऱ्हाईकासाठी.

हे वाक्य मी रंगकामाचा नियम म्हणून लिहून घेतलंय. प्लेटने ढळवलेलं जागेवर आणायला हात लावायचा, गिऱ्हाईकासाठी नाही.

२ फेब्रुवारी

पणजी झाली. उजेड उचलायचा लेयर वेगळा ठेवला, त्याचं नाव ‘हात लावला’, डोळ्याची खूण बंद केली की मूळ फोटो तसाच खाली. अशी पद्धत आता आनंदीच्या फोटोतही.

९ फेब्रुवारी

आनंदीची साडी. इथे गोधडी नाही आणि आजीही नाही.

जे ठामपणे करता येतं ते असं, काय नाही ते ठरवायचं. साडीचा करडा सगळ्यात काळ्या जागांइतका काळा नाही, म्हणजे शुद्ध लाल, शुद्ध पिवळा, हळदीचा असे सगळे बाद. मग त्या काळातले रंग घेऊन बसले. ती १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि बरोबर इथल्याच साड्या नेल्या. तोपर्यंत खरी नीळ होती, कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात यायला १८९७ उजाडलं. लाल म्हणजे आल किंवा मंजिष्ठा या झाडांच्या मुळांचा, गुलाबी-केशरी म्हणजे कुसुंबा, हिरवा म्हणजे नीळ आणि हळद एकावर एक. पण रासायनिक रंगही सुरू झाले होते, पर्किन या रसायनशास्त्रज्ञाचा जांभळा १८५६ चा आणि मंजिष्ठेतला लाल प्रयोगशाळेत १८६८-६९ ला बनला, त्यामुळे जांभळ्या-किरमिजी छटा अशक्य नाहीत.

रंगांची नावं लिहून काढायला आत्या बसली शेजारी. मोतिया, अबोली, अंजिरी, आमसुली, वांगी, गुलबक्षी, राघू, मोरपंखी, केतकी, डाळिंबी, कुसुंबी. मी स्क्रीनवर जो रंग फिरवत होते त्याला ती बरोबर नाव देत होती, आणि गंमत म्हणजे माझ्याकडे त्यासाठी फक्त आकडे होते. प्रत्येकाचा तुकडा बनवून निळ्या चॅनलमधून काढला आणि साडीच्या करड्याशेजारी ठेवून बघितला. केतकी गेला, कुसुंबी गेला, राघू पण जवळजवळ गेला. अंजिरी, वांगी, मोरपंखी, आमसुलीची फिकट छटा राहिल्या.

अजून एक. अमेरिकेत गेल्यावर तिने नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली होती, नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिथली थंडी आणि तिथल्या लोकांच्या नजरा दोन्ही. मी आपली नऊवारीचा काच्या डोक्यात धरून घड्या लावत होते. आत्याला गुजराती पद्धत नेसून उभं केलं, चारी बाजूंनी फोटो काढले, मग पदर कुठून कुठे जाऊ शकतो ते कळलं आणि काठाचा मास्क, म्हणजे रंग तेवढ्यातच राहावा म्हणून आखलेली जागा, नव्याने काढला. तीन दिवसांचं काम पुसलं, पण पुसलं ते बरं झालं.

अंगाला अंजिरी देतेय. हा माझा निर्णय आहे, तिच्या अंगावर अंजिरीच होता असं कोणी सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी

ओकामीच्या किमोनोचं मी आधी चुकीचं ठरवून बसले होते. मशीनने करडा-तपकिरी दिला होता, मला वाटलं नेहमीचा मळकट आळस, जपान म्हणजे लाल, गुलाबी, फुलं असं काहीतरी डोक्यात. टोकियोत, निशी कसाईला राहणाऱ्या मैत्रिणीला व्हॉइस नोट पाठवली. तिने ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकारी बाईंना विचारून सांगितलं की अहो त्या बाई लग्न झालेल्या, २६ वर्षांच्या, त्या काळात भडक कशाला नेसतील. आणि एक म्हण सांगितली, जपानच्या जुन्या एदो काळात साध्या लोकांच्या भपक्यावर बंदी आली तेव्हा रंगाऱ्यांनी साध्या रंगांतच इतक्या छटा काढल्या की ४८ तपकिरी आणि १०० उंदरी असं म्हणायची पद्धत पडली. उंदरी म्हणजे करडा, तिकडे पण करड्याला उंदराचंच नाव, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

म्हणजे इथे मशीनचं उत्तर बरोबरच्या जवळ निघालं, कारण मात्र चुकीचं. एक हिरवट छटेचा उंदरी रंग निवडला. तिच्याबद्दल वाचतेय, परत जाऊन टोकियोच्या हॉस्पिटलात काम केलं आणि मग सम्राटाने ती बाई आहे म्हणून तिची भेट नाकारल्यावर राजीनामा दिला. हे पण पोस्टरवर यायला हवं, दोन ओळी तरी.

१७ फेब्रुवारी

इस्लामबूलीच्या पोशाखावर जास्त लिहिण्यासारखं नाही. दमास्कस रेशमाचं गाव, किरमिजी आणि निळीचे पट्टे त्या भागातल्या कापडात जुने. पण कुठला पट्टा कुठला ते मला सांगता येत नाही, म्हणून तिच्या कपड्यांना अगदी हलका रंग, जेमतेम लागेल इतका. जिथे आधार कमी तिथे रंगही कमी, हे आता तिन्हींना लावतेय. लांबून सगळं एकसारखं रंगलेलं दिसणार नाही, चालेल.

२१ फेब्रुवारी

कातडीचा रंग. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त जपून करायचं.

निळी प्लेट गव्हाळ, तांबूस कातडी असते त्यापेक्षा गडद दाखवते कारण कातडीतला लाल-पिवळा तिला दिसत नाही. तर तिघीही प्रत्यक्षात होत्या त्यापेक्षा गडद आल्यात. इथे मोह दोन बाजूंनी होतो. एकतर आहे तशी गडद ठेवून वर रंग चढवायचा, मग ती आजारी राखाडी दिसते. नाहीतर उचलत उचलत इतकी गोरी करायची की आपल्या लग्नाच्या अल्बममधल्यासारखी होते, आणि मशीनचा कल तिकडेच आहे. मी आईच्या हाताचा फोटो निळ्या चॅनलमधून काढून, तो किती गडद होतो ते मोजून, तेवढंच आनंदीच्या चेहऱ्यावर मागे घेतलं. त्याच्या पुढे एक टक्का नाही.

वाचनालयातल्या एका दादांनी व्हॉट्सॲपवर बघून लिहिलं “थोडा ग्लो वाढवा ना”. मी नाही म्हटलं, आणि फोन करून कारण सांगितलं. मान्य केलं त्यांनी.

२३ फेब्रुवारी

आज एक चूक झाली ती स्पष्ट लिहिते. चेहरे थोडे धूसर होते म्हणून चेहरा सुधारणाऱ्या एका टूलमधून फोटो काढला. काय रेखीव आला! डोळ्यांत चमक, पापण्या मोजता येतील इतक्या स्पष्ट. मी खुश होऊन आईला दाखवला, आई म्हणाली, सुंदर आहे पण ही आनंदीबाई नाही. मूळ फोटो शेजारी ठेवला तर खरंच, डोळ्यांचा आकार बदललेला, ओठांची कड वर गेलेली. टूलने दुसऱ्याच कुठल्यातरी हजारो चेहऱ्यांवरून तिचा चेहरा भरला होता.

२०२१ मध्ये कंबोडियात असंच प्रकरण झालं होतं, तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांचे फोटो रंगवताना काहींच्या तोंडावर हसू आणलं गेलं, तिथल्या सरकारने आणि नातेवाइकांनी आवाज उठवल्यावर ते छापलेलं काढून टाकावं लागलं. ते वाचलं तेव्हा मला प्रचंड राग आला होता. आणि आज मी नकळत तेच करत होते, फक्त इथे मरण नव्हतं एवढंच.

ती फाइल डिलीट. धूसर चेहरा धूसरच राहील.

२६ फेब्रुवारी

आज तारखेकडे लक्ष गेलं. २६ फेब्रुवारी १८८७, पुण्यात गेली ती, क्षयाने, २२ वर्षं पूर्ण व्हायला महिना उरलेला. कोल्हापूरच्या ॲल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलची नेमणूक हातात होती, जाताच आलं नाही. फोटोनंतर १६ महिने फक्त.

काम केलं नाही आज. फाइल उघडून बसले नुसती.

११ मार्च

१८८६ मध्ये आजच्याच दिवशी पदवी मिळाली तिला, पंडिता रमाबाई हजर होत्या समारंभाला. आजच फायनल करायचं असं ठरवून बसले होते आणि झालं. एकूण लेयर ६४. ‘हात लावला’ नावाचे ९. प्रत्येकाच्या पुढे एक ओळ, का लावला.

प्रुफ काढायला दिलंय, सनबोर्डवर, तीन फूट बाय चार.

१४ मार्च

प्रुफ बघून रडू आलं अक्षरशः. प्रेसमध्ये मशीनवर ऑटो करेक्शन चालू होतं, अंजिरी एकदम राणी कलर, चेहरे नारिंगी. दहा दिवस तोलून मापून ठेवलेला हलकेपणा एका बटणाने गेला. ऑपरेटर मुलगा चांगला होता, म्हणाला मॅडम सगळ्यांना असंच लागतं म्हणून चालूच असतं. त्याच्या शेजारी बसून सगळं बंद करून घेतलं, छोट्या पट्ट्या काढल्या पाच, दारात उजेडात नेऊन बघितल्या, चौथी बरोबर आली. ग्लॉसी नको मॅट. चौथ्या पट्टीचं सेटिंग त्याच्याकडून लिहून घेतलं आणि पट्टीच्याच मागे चिकटवलं.

३० मार्च

लावून आले. माझा आग्रह होता तो त्यांनी मानला, मूळ करडा फोटो आणि रंगीत फोटो शेजारी शेजारी आणि दोन्ही सारख्याच मापाचे. खाली मजकूर मी लिहिलाय: कुठल्या रंगाला काय आधार, साडीचा अंजिरी रंगवणारीने निवडलेला, तिघींची नावं आणि पुढे काय झालं त्यांचं, फोटो कुठल्या संग्रहातला. आणि एका कोपऱ्यात त्या ताटाचे दोन छोटे फोटो, एक रंगीत, एक निळ्या चॅनलमधला. हळद काळी कशी हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

२ एप्रिल

पणजीचा प्रिंट पण तिथूनच करून आणला होता, चौथ्या पट्टीच्या सेटिंगवर, आज फ्रेम करून आजीला दिला. चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन, बराच वेळ बघत होती. आईच्या कपाळावरून बोट फिरवलं काचेवरूनच, कुंकवाच्या जागी. मग म्हणाली, “काठ पिवळा का केलास? काठ हिरवा होता, राघू. काठ मी कापून घेतला होता गोधडी शिवताना, तुझ्या आईच्या परकराला लावला.”

गोधडीत काठ नव्हता म्हणून मी जरीचा धरून पिवळा दिला होता आणि नोंदही केली नव्हती, एवढी एकच राहिली.

परकर कुठे आहे विचारलं तर मोठ्या पेटीत तळाशी असेल म्हणाली. उद्या पेटी काढतो आम्ही दोघी. काठाचा लेयर तोवर बंद करून ठेवलाय.